राउटरमधला निरोप्या

जोगेश्वरी पूर्वेच्या मेघवाडीतील एका खोलीचे घर असो की पश्चिमेला ओशिवऱ्याकडील टॉवरमधील प्रशस्त सदनिका असो, घरातील जे यंत्र खऱ्या अर्थाने संगणक आहे, जे रात्रंदिवस चालू असते आणि तरीही ज्याला कोणी संगणक म्हणत नाही, ते यंत्र म्हणजे इंटरनेटचा राउटर, अर्थात बोलीतला ‘वायफायचा डबा’. केबलवाल्याने किंवा दूरसंचार कंपनीने तो एकदा भिंतीवर ठोकला की नेट जाईपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. मात्र त्याच्या पोटात प्रोसेसर असतो, स्मृती असते, बहुधा लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली पूर्ण कार्यप्रणाली असते, आणि तो चांगल्या प्रतीचा असेल तर घरातली माहिती बाहेर व बाहेरची आत पोचवण्याचे नेमून दिलेले काम सांभाळूनही त्याची बरीच शक्ती पडून राहते. या पडून राहिलेल्या शक्तीवर घरातील उपकरणांच्या निरोपांची देवाणघेवाण सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवणे आता शक्य झाले आहे. ते कोणत्या घरात शहाणपणाचे आणि कोणत्या घरात उगाच खटाटोपाचे, हे मात्र त्या प्रोग्रॅमचे काम समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

या प्रोग्रॅमला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या सूचनाफलकावर सेक्रेटरी कागद लावतो तेव्हा तो कोण कोण वाचणार हे त्याला ठाऊक नसते आणि वाचणाऱ्यालाही सेक्रेटरीची गाठ घ्यावी लागत नाही. ब्रोकरचे काम याच धर्तीवर चालते, फरक इतकाच की हा फलक भिंतीवर नुसता टांगलेला न राहता, ज्याने ज्या विषयासाठी आपले नाव नोंदवले आहे त्याच्याकडे त्या विषयाचा निरोप त्याच क्षणी धाडतो. निरोप पाठवण्याला ‘पब्लिश’, नाव नोंदवण्याला ‘सबस्क्राइब’ आणि विषयाला ‘टॉपिक’ असे शब्द या क्षेत्रात रूढ आहेत. या रचनेचा खरा लाभ असा की निरोप देणारे यंत्र आणि घेणारे यंत्र एकमेकांपासून पूर्ण मोकळी राहतात. गच्चीवरील टाकीची पातळी मोजणाऱ्या यंत्राला खाली पंप आहे की नाही, कोणाच्या मोबाइलवर ती पातळी दिसते, उद्या आणखी कोणी ती मागणार आहे का, यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज नसते. त्याने ब्रोकरला आकडा सांगितला की त्याचे कर्तव्य संपले.

अशा निरोपांसाठी घरगुती उपकरणांत सर्वाधिक वापरली जाणारी भाषा म्हणजे एमक्यूटीटी. हिचा जन्म घरात झाला नाही. १९९९ साली आयबीएममधील अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम या कंपनीतील आर्लेन निपर यांनी ती तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी आखली. ओसाड मुलखातून शेकडो मैल जाणाऱ्या वाहिनीवरील दाबमापकाचे आकडे उपग्रहामार्फत मागवायचे, तर प्रत्येक बाइटला पैसे पडत, जोडणी मधेच तुटे आणि यंत्राला विजेचीही काटकसर करावी लागे. या तिन्ही अडचणींवर उतारा म्हणून निरोपाचा वेष्टनभाग अवघ्या दोन बाइटपर्यंत आणण्यात आला. २०११ साली फेसबुकने आपल्या मेसेंजरसाठी हीच भाषा निवडली, २०१४ मध्ये तिची ३.१.१ ही आवृत्ती ओएसिस या संस्थेचे मानक ठरली आणि २०१९ मध्ये पाचवी आवृत्ती आली. वाळवंटातील तेलवाहिनी आणि मुंबईतील पाण्याची टाकी यांच्यात वरवर काही साम्य नाही. तुटकी जोडणी, छोटा आकडा आणि दूरवर बसलेले मुके यंत्र या तिन्ही गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत.

पाण्याचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे, कारण जोगेश्वरीत घराघरांतील स्वयंचलनाचा पहिला खरा उपयोग दिवे रंगीत करण्यात नसून पाण्यात आहे. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, चावीवाल्याने झडप फिरवली की ते आधी इमारतीच्या भूमिगत टाकीत उतरते, तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि मग नळाला येते. या साखळीत कोठे काय अडले हे रहिवाशांना बहुधा नळ कोरडा पडल्यावरच कळते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामादरम्यान वेरावली जलाशयाकडे जाणारी १८०० मिलिमीटर व्यासाची मोठी जलवाहिनी फुटली, तेव्हा अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यात कित्येक दिवस पाण्याचे हाल झाले. अशा वेळी टाकीत नेमके किती पाणी उरले आहे हा आकडा वॉचमनने गच्चीवर जाऊन, झाकण उचलून, टॉर्च मारून आणण्याऐवजी दर पाच मिनिटांनी आपोआप मिळत राहिला, तर सेक्रेटरीला टँकर केव्हा मागवायचा याचा निर्णय अंदाजपंचे घ्यावा लागत नाही.

हा आकडा मिळवणारे साधन क्लिष्ट नाही. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ या नावाचे वायफाय असलेले चिमुकले पाटे आणि पाण्यापासून संरक्षण दिलेले ध्वनिमापक सहज मिळतात. टाकीच्या झाकणाखाली बसवलेला मापक मानवी कानाला न ऐकू येणारा ध्वनी खाली सोडतो आणि पाण्यावरून परतणारा प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतो. मुंबईच्या उकाड्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जात असल्याने दोन मीटर खोलीवरच्या पाण्याला शिवून परत यायला त्याला साधारण अकरा-बारा सहस्रांश सेकंद पुरतात. त्यावरून पाटा टक्केवारी काढतो आणि ब्रोकरला कळवतो.

तो निरोप किती लहान असतो हे एकदा बाइट मोजून पाहण्यासारखे आहे. एमक्यूटीटीतील टॉपिक युनिकोडमध्ये लिहिले जात असल्याने ते खुशाल मराठीत ठेवता येतात. ‘गच्ची/टाकी’ हा टॉपिक घेतला तर त्यात मधली तिरपी रेघ धरून दहा चिन्हे आहेत, कारण संगणक जोडाक्षरातील हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजतो. देवनागरीच्या नऊ चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट आणि रेघेला एक, म्हणजे अठ्ठावीस बाइट झाले. वेष्टनाचे दोन, टॉपिकची लांबी सांगणारे दोन आणि पातळीचा दोन अंकी आकडा इंग्रजी अंकांत लिहिल्यास त्याचे दोन, असे धरून ३.१.१ आवृत्तीत अख्खा निरोप ३४ बाइटांत बसतो. टॉपिक रोमन अक्षरांत लिहिला तर तो याच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्याच्याभोवती इंटरनेटच्या वाहतुकीची आणखी काही वेष्टने चढतात हे खरे, पण एका साध्या छायाचित्राच्या जागेत असे हजारो निरोप मावतात. म्हणूनच ब्रोकर चालवायला मोठे यंत्र लागत नाही. रॉजर लाइट यांनी लिहायला घेतलेला आणि पुढे एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलेला मॉस्किटो हा मुक्त ब्रोकर घरगुती वापरात काही मेगाबाइट स्मृतीवर निवांत चालतो.

ब्रोकरच्या स्वभावातील तीन वैशिष्ट्ये पंपाच्या संदर्भात नीट समजतात, आणि नीट समजली नाहीत तर महागात पडतात. पहिले निरोपाच्या हमीचे. शून्य पातळीवरील निरोप एकदा पाठवला जातो, पोचला तर पोचला; पहिल्या पातळीवर तो किमान एकदा पोचतोच, पण पोच हरवल्यास पुन्हा येऊ शकतो; दुसऱ्या पातळीवर तो नेमका एकदाच पोचेल अशी जास्तीची बोलणी दोन्ही बाजू करतात. टाकीच्या आकड्याला शून्य पातळी पुरते, कारण पाच मिनिटांनी नवा आकडा येणारच असतो. पंपाच्या आज्ञेला पहिली पातळी घ्यावी, परंतु ती आज्ञा ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशी स्पष्ट असावी, ‘आहे त्याच्या उलट कर’ अशी कधीही नसावी. तोच निरोप दोनदा आला तर उलट्याची पुन्हा उलट होते आणि रिकाम्या भूमिगत टाकीवर पंप कोरडा फिरत राहतो.

दुसरे वैशिष्ट्य जपून ठेवलेल्या निरोपाचे. पाठवणाऱ्याने तशी खूण केली असेल तर ब्रोकर प्रत्येक टॉपिकवरचा शेवटचा निरोप राखून ठेवतो आणि नव्याने जोडल्या गेलेल्याला तो लगेच देतो, त्यामुळे मोबाइल उघडताक्षणी टाकीची पातळी दिसते, पुढच्या मोजणीची वाट पाहावी लागत नाही. पातळीसाठी ही सोय उत्तम आहे. पंपाच्या आज्ञेवर मात्र ही खूण केली, तर वीज जाऊन आल्यावर पंपाचे यंत्र ब्रोकरला जोडले जाते, ब्रोकर त्याला कालचा ‘चालू’ हा निरोप मोठ्या निष्ठेने देतो आणि कोणीही न सांगता पंप सुरू होतो. तिसरे वैशिष्ट्य मृत्युपत्राचे आहे, आणि त्याला इंग्रजीतही ‘लास्ट विल’ असेच नाव आहे. यंत्र जोडले जाताना ‘मी गप्प झालो तर हा निरोप सर्वांना द्या’ असे सांगून ठेवते आणि ठरलेल्या अवधीच्या दीडपट वेळ त्याच्याकडून काहीच आले नाही, म्हणजे साठ सेकंदांचा करार असल्यास नव्वद सेकंदांनी, ब्रोकर तो निरोप प्रसृत करतो. टाकी भरलेली आहे म्हणून पातळी बदलत नाही की मापकच बंद पडला आहे, हा फरक याच सोयीमुळे कळतो. एवढे असूनही टाकीतील फ्लोट स्विच काढून टाकण्याचा मोह कोणी धरू नये. पंपाला कोरडे चालण्यापासून वाचवणारे अंतिम साधन तारेने जोडलेलेच असावे, निरोपाच्या भरवशावर नसावे.

आता प्रश्न उरतो तो ब्रोकर कोठे ठेवावा याचा. बाजारात मिळणारे बहुतेक स्मार्ट प्लग आणि दिवे आपला ब्रोकर परक्या ठिकाणी ठेवूनच येतात. निरनिराळ्या नावांनी विकली जाणारी अनेक उपकरणे तुया या चिनी कंपनीच्या व्यवस्थेवर चालतात आणि त्या व्यवस्थेतही उपकरण व कंपनीचे सर्व्हर यांच्यात एमक्यूटीटीच असते. म्हणजे स्वयंपाकघरातील बटण दाबल्यावर निरोप राउटरमधून बाहेर पडतो, कंपनीच्या सर्व्हरला शिवतो आणि पुन्हा त्याच राउटरमधून दिवाणखान्यातील दिव्याकडे येतो. नेट गेले की समोरचा दिवा ॲपवरून लागत नाही. कंपनीने सेवा गुंडाळली तर उपकरणाचे निम्मे गुण जातात. आणि घरात कोण केव्हा जागे असते याचा लेखाजोखा बाहेर साठत राहतो, हा भाग वेगळाच. ब्रोकर घरात आणला की नेट नसतानाही घरातल्या घरात निरोप फिरत राहतात. वीजच गेली तर अर्थात दोन्ही गप्प होतात, जसे १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अवघ्या मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी बंद पडला तेव्हा झाले असते. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला तर मात्र वीज जाऊन येईपर्यंत ब्रोकर तग धरतो आणि बॅटरीवरच्या मापकाचा आकडा वाया जात नाही.

घरातच, पण राउटरवरच का, याचे उत्तर बरेचसे काटकसरीचे आहे. दहा वॅट खाणारा राउटर वर्षभर चालू राहिला तर सुमारे ८८ युनिट वीज घेतो आणि ती कोणत्याही परिस्थितीत खर्च होणारच असते. ब्रोकरसाठी पाच वॅटचा वेगळा छोटा संगणक ठेवला तर त्याचे ४४ युनिट वरकड, शिवाय आणखी एक अडॅप्टर, आणखी एक प्लग आणि धूळ पुसायला आणखी एक डबा. सर्व उपकरणे ज्या यंत्राला आधीच जोडलेली आहेत त्याच यंत्रावर ब्रोकर असला तर मधली एक कडीही कमी होते.

राउटरवर भलतेच काम चालवण्याची परंपरा नवी नाही. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्यात लिनक्स वापरल्याचे लक्षात आल्यावर मुक्त परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला आणि त्यातूनच २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्या पहिल्या राउटरमध्ये साठवणीला चार मेगाबाइट आणि स्मृतीला सोळा मेगाबाइट एवढीच जागा होती. आज मायक्रोटिक या लॅटव्हियातील कंपनीच्या हॅप एएक्स३ या घरगुती राउटरमध्ये एक गिगाबाइट स्मृती असते, म्हणजे बरोबर चौसष्ट पट. मात्र केबलवाल्याकडून किंवा फायबरच्या जोडणीसोबत फुकट आलेल्या डब्याबद्दल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याची स्मृती तुटपुंजी असते आणि त्याची किल्ली कंपनीच्या हाती असल्याने त्यावर ग्राहकाला काही बसवताच येत नाही. जोगेश्वरीतील बहुतेक घरांत त्यामुळे मार्ग एकच राहतो: कंपनीचा डबा आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या मागे आपल्या मालकीचा सक्षम राउटर जोडायचा.

अशा राउटरवर ब्रोकर थेट न बसवता ‘कंटेनर’मध्ये बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सर्व फाइली यांचा एक बंदिस्त गठ्ठा, जो यंत्राच्या मूळ लिनक्स गाभ्यावरच चालतो, पण आतल्या प्रोग्रॅमला फक्त आपल्या गठ्ठ्यातील फाइली, आपलीच कामे आणि आपल्यापुरते नेटवर्क दिसते. लिनक्समधील दोन सोयींवर हे उभे आहे: नेमस्पेस, ज्यामुळे प्रोग्रॅमला काय दिसावे हे ठरते, आणि सीग्रुप, ज्यामुळे त्याने किती स्मृती व प्रोसेसर वापरावा यावर मर्यादा येते. २०१३ साली आलेल्या डॉकरने हे गठ्ठे बनवणे आणि वाटणे इतके सोपे केले की बहुतेक मुक्त प्रोग्रॅम आता तयार गठ्ठ्याच्या रूपातही मिळतात. चेक प्रजासत्ताकातील सीझेड.एनआयसी या संस्थेच्या टुरिस ओम्निया राउटरने एलएक्ससी नावाच्या जुन्या प्रकारचे कंटेनर आधीच आणले होते. मायक्रोटिकच्या राउटरओएस या कार्यप्रणालीत ही सोय २०२२ साली ७.४ आवृत्तीत आली आणि त्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत मॉस्किटो चालवण्याचे स्वतंत्र उदाहरणच दिलेले आहे.

या मार्गदर्शिकेतील सर्वांत बोलका टप्पा आज्ञावलीचा नसून बोटाचा आहे. कंटेनरची परवानगी राउटरला दुरून देता येत नाही. ती आज्ञा दिल्यावर ठरावीक वेळेत कोणीतरी प्रत्यक्ष राउटरपाशी जाऊन बटण दाबावे लागते किंवा त्याची वीज काढून पुन्हा लावावी लागते. एखाद्या भामट्याने दूरवरून राउटरचा पासवर्ड मिळवला तरी त्याला आपला कंटेनर त्यात घुसवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्यानंतर कंटेनरसाठी एक आभासी नेटवर्क-टोक तयार करून त्याला स्वतंत्र पत्ता द्यायचा, मॉस्किटोचा गठ्ठा डॉकरच्या गठ्ठ्यांच्या भांडारातून, म्हणजे डॉकर हबवरून, उतरवायचा, त्याच्या मांडणीची फाइल बाहेरून जोडायची आणि राउटर सुरू होताच कंटेनरही सुरू व्हावा असे सांगायचे, एवढे काम उरते. गठ्ठा राउटरच्या प्रोसेसरच्या जातीचा असावा लागतो. आर्म जातीच्या प्रोसेसरसाठी तो मिळतो, पण अनेक स्वस्त राउटरांत असणाऱ्या मिप्स जातीसाठी मॉस्किटोचा अधिकृत गठ्ठाच नाही आणि राउटरओएसही त्या जातीवर कंटेनर चालवत नाही.

अडचणी येतात त्या बारीकसारीक. डॉकर हबने २०२० पासून नाव न नोंदवता गठ्ठे उतरवणाऱ्यांवर मर्यादा घातली असून ती इंटरनेट पत्त्यानुसार मोजली जाते, तर आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या पत्त्यांच्या टंचाईमुळे असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. परिणामी एखाद्याने आयुष्यात पहिल्यांदाच गठ्ठा मागितला तरी मर्यादा संपल्याचे उत्तर येऊ शकते. हबवर फुकट खाते उघडून त्या नावाने गठ्ठा मागवला की हा गुंता सुटतो. दुसरी अडचण फाइलींच्या हक्काची. मॉस्किटोच्या अधिकृत गठ्ठ्यातील प्रोग्रॅम सर्वाधिकारी म्हणून न चालता १८८३ या क्रमांकाच्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि गंमत म्हणजे एमक्यूटीटीचे नेहमीचे दारही (पोर्ट) १८८३ क्रमांकाचेच आहे. बाहेरून जोडलेल्या फाइली त्या वापरकर्त्याला वाचता-लिहिता येत नसतील तर ब्रोकर सुरू होऊन लगेच बंद पडतो आणि नवखा माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. तिसरी गोष्ट साठवणीची. राउटरमधील फ्लॅश स्मृतीवर लिहिण्याला मर्यादित आयुष्य असते, तर जपलेले निरोप टिकवायला सांगितले की मॉस्किटो ते मुळात दर १८०० सेकंदांनी फाइलीत उतरवतो आणि नोंदवही लिहायला सांगितली तर ती सतत लिहितो. म्हणून कंटेनर व त्याच्या फाइली राउटरच्या पोटात न ठेवता यूएसबीला जोडलेल्या साठवणीवर ठेवाव्यात. यूएसबीचे तोंड नसलेला राउटर या कामासाठी घेऊच नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे त्यांना कंटेनरची गरज नाही. त्या प्रणालीच्या भांडारात मॉस्किटो तयार मिळतो, थेट बसतो आणि कमी जागा घेतो. फक्त मूळ प्रणाली अद्ययावत केल्यावर वरून बसवलेले असे प्रोग्रॅम पुसले जातात आणि पुन्हा बसवावे लागतात, हे ध्यानात ठेवायचे. राउटरओएसमध्ये परका प्रोग्रॅम बसवण्याचा दुसरा मार्गच नसल्याने तेथे कंटेनर अपरिहार्य ठरतो. तंत्राची हौस म्हणून सरळ रस्ता सोडून गठ्ठ्यांच्या वाटेने जाणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण सामान्य वाचकाने तो दंडक मानू नये.

सुरक्षेचा विचार मात्र हौशी आणि सामान्य दोघांनाही चुकवता येत नाही, कारण राउटर हा घराचा उंबरठा आहे आणि उंबरठ्यावर मांडलेली प्रत्येक वस्तू बाहेरच्याच्या हाताजवळ येते. २०१६ साली मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांना जमिनीवर आणले. २०१८ मध्ये अव्हास्ट कंपनीच्या संशोधकांना इंटरनेटवर उघडे दिसणारे ४९,००० हून अधिक एमक्यूटीटी ब्रोकर आढळले आणि त्यांतील ३२,००० हून अधिक ब्रोकरांना पासवर्डच नव्हता. अशा ब्रोकरकडे कोणीही सर्व टॉपिकांसाठी नाव नोंदवून त्या घरात दार केव्हा उघडले, दिवा केव्हा मालवला हे वाचत बसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या मॉस्किटोच्या दुसऱ्या आवृत्तीने म्हणूनच जुना ढिला शिरस्ता मोडला: मांडणीची फाइल दिली नाही तर ब्रोकर स्वतःच्या यंत्रापलीकडे कोणाशी बोलत नाही, आणि बाहेर बोलायला सांगितले तर ओळख मागतो. ही ओळख मागण्याची अट एका ओळीने बंद करता येते आणि घाईत असलेला माणूस नेमका तीच ओळ लिहितो. ती लिहू नये. प्रत्येक उपकरणाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा आणि टाकीच्या मापकाला फक्त टाकीच्या टॉपिकवर लिहिता येईल असे बंधन घालावे.

अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवण्याच्या पद्धतीमुळे बाहेरून थेट आत येता येत नाही, ही एक नकळत लाभलेली ढाल आहे. पण आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळत असल्याने तेथे ही ढाल नसते आणि सगळी भिस्त राउटरच्या फायरवॉलवर राहते. फायरवॉल चालू आहे आणि १८८३ चे दार केवळ घराच्या बाजूने उघडते, हे दोन्ही पत्तापद्धतींसाठी स्वतंत्रपणे तपासावे. गावाहून टाकीची पातळी पाहायची असेल तर ते दार बाहेर उघडण्याऐवजी वायरगार्डसारख्या कूटबद्ध मार्गाने आधी घराच्या नेटवर्कमध्ये यावे. कंटेनरची भिंत या बाबतीत उपयोगी आहे, परंतु ती अभेद्य नाही, कारण आत-बाहेरचा लिनक्स गाभा एकच असतो. परक्या माणसाने बनवलेला गठ्ठा राउटरवर चढवणे हा धोका असल्याचा इशारा मायक्रोटिक स्वतःच देते. अधिकृत गठ्ठाच घ्यावा, त्याला स्मृतीची मर्यादा घालावी आणि राउटरची प्रणाली अद्ययावत ठेवावी.

जोगेश्वरीच्या दाटीचा स्वतःचा असा आणखी एक त्रास आहे. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, आणि कोणत्याही इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची डझनावारी नावे दिसतात. टाकीच्या पातळीप्रमाणे विजेचा वापरही ब्रोकरला कळवायचा असेल तर मीटरवरील लाल दिव्याची लुकलुक मोजता येते, कारण एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. पण मीटर असतात तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, लोखंडी जाळीआड, आणि चौथ्या मजल्यावरील राउटरची लहर तेथे पोचत नाही. अशा ठिकाणी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारी लोरा ही मंद पण दूर जाणारी रेडिओपद्धत घ्यावी आणि तिचे निरोप ब्रोकरपर्यंत आणावेत, हा अधिक भरवशाचा उपाय आहे.

सोसायटीच्या टाकीसाठी एखाद्या उत्साही सभासदाच्या घरातील राउटर वापरण्याचा विचार अनेकदा पुढे येतो आणि तो टाळावा. गणपतीला ते कुटुंब कोकणात गेले की मेन स्विच बंद होतो, त्याबरोबर ब्रोकर बंद होतो आणि टाकीची खबर नेमकी सणाच्या दिवसांत मिळेनाशी होते. शिवाय पासवर्ड एकाच्याच डोक्यात राहतात. टाकी सोसायटीची तर राउटरही सोसायटीच्या कार्यालयातला असावा आणि त्याची मांडणी कागदावर उतरवून कपाटात ठेवलेली असावी.

ज्या घरात एखादाच स्मार्ट प्लग आहे तेथे ब्रोकरचा हा सारा व्याप अनाठायी आहे. ज्या घरात किंवा इमारतीत पाच-सहा उपकरणे आहेत, त्यांनी एकमेकांशी बोलावे अशी गरज आहे आणि आर्म जातीचा प्रोसेसर, किमान काहीशे मेगाबाइट मोकळी स्मृती व यूएसबीचे तोंड असलेला स्वतःच्या मालकीचा राउटर आहे, तेथे तो जरूर चालवावा. आणि जुना राउटर बदलण्याची वेळ आलीच असेल, तर दुकानात अँटेना किती आहेत हे मोजण्याआधी या तीन गोष्टी विचाराव्यात.